अस्तित्ववादाची श्रद्धावान बाजू

अस्तित्ववाद म्हणजे नास्तिकांचे तत्त्वज्ञान, ही समजूत ज्याँ-पॉल सार्त्रच्या नावामुळे पक्की झाली. खुद्द सार्त्रचे म्हणणे वेगळे होते. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने अस्तित्ववाद्यांचे दोन गट सांगितले: ख्रिस्ती गटात कार्ल यास्पर्स आणि गाब्रिएल मार्सेल, निरीश्वरवादी गटात मार्टिन हायडेगर आणि तो स्वतः. (हायडेगरला ही वाटणी मान्य नव्हती, मार्सेलनेही पुढे हे बिरुद नाकारले.) या साऱ्यांच्या कितीतरी आधी कोपनहेगनमध्ये सोरेन किर्केगार्द होऊन गेला होता, आणि तो श्रद्धावान ख्रिस्ती होता.

श्रद्धा असली की प्रश्न मिटतात, असेही पुष्कळांना वाटते. किर्केगार्दचे ‘भय आणि कंप’ (१८४३) वाचल्यावर तसे वाटणे अवघड आहे. त्यात अब्राहमची कथा आहे. देव त्याला पोटच्या मुलाचा, इसहाकचा, बळी द्यायला सांगतो. नीतीचा एकही नियम अब्राहमच्या बाजूने नाही. त्यामुळे त्याला कोणाजवळ मन मोकळे करता येत नाही, की आपली कृती कोणाला पटवून देता येत नाही. अशी श्रद्धा अंगावर काटा आणते. चर्चच्या आयत्या धार्मिकतेचा किर्केगार्दला एवढा तिटकारा होता, की १८५५ मध्ये मृत्युशय्येवर त्याने पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घेतले नाही. पाद्री हे सरकारी नोकर, असे तो म्हणे.

देव नसेल तर काहीही चालते, हा सार्त्रच्या माथी मारलेला निष्कर्ष. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये एक विद्यार्थी त्याच्याकडे सल्ला मागायला आला. भाऊ १९४० मध्ये लढाईत मारला गेलेला, आई याच्याच आधारावर जगणारी. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हायचे, की आईजवळ राहायचे? सार्त्रने निवड त्याच्यावरच सोपवली. पाद्र्याकडे गेले तरी कोणत्या पाद्र्याकडे, हे माणूसच ठरवतो. आणि प्रत्येक निवडीतून तो साऱ्या मानवजातीसाठी निवडत असतो, ही सार्त्रची भूमिका. त्याच व्याख्यानात तो अब्राहमकडेही वळतो: ऐकलेला आवाज देवदूताचाच, हे अब्राहमने कशावरून ठरवायचे?

इथवर दोघे बरेच जवळ आहेत. अंतर पडते ते पुढे. किर्केगार्दच्या मते देवासमोर उभे राहिल्याशिवाय माणूस स्वतः होऊच शकत नाही. सार्त्रच्या मते देव असता तरी काही फरक पडला नसता.

मार्सेलचा मार्ग आणखी निराळा. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉससाठी बेपत्ता सैनिकांचा शोध घेऊन त्यांच्या घरच्यांना माहिती देत असे. कार्डावरच्या नोंदींमागे त्याला व्याकूळ माणसे दिसू लागली. दुसऱ्याची नजर आपल्याला वस्तू बनवते, असे सार्त्रने १९४३ मध्ये मांडले. मार्सेलला मात्र दुसऱ्याशी राखलेल्या निष्ठेतूनच देवाकडे जाणारी वाट दिसली.