विंध्याच्या कडेवरचा जिल्हा : इंदूरचा भूगोल, इतिहास आणि लोकवस्ती

मध्य प्रदेशाच्या पश्चिमेकडील इंदूर जिल्हा माळव्याच्या पठाराच्या दक्षिण टोकाला वसला आहे. त्याचे क्षेत्रफळ 3,898 चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला उज्जैन, पूर्वेला देवास, पश्चिमेला धार आणि दक्षिणेला खरगोन हे त्याचे शेजारी जिल्हे. देपालपूर, सांवेर, इंदूर आणि महू या त्याच्या जुन्या चार तहसिली. हातोद, राऊ, कनाडिया, खुडैल यांसारख्या तहसिली नंतर झाल्या.

भूरचना आणि नद्या

समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरचे सपाट पठार महूच्या दक्षिणेला एकदम तुटते. तिथून विंध्याचे उतार आणि दऱ्या नर्मदेच्या खोऱ्यात, म्हणजे निमाडात उतरतात. ही तुटलेली कडा हेच जिल्ह्याच्या भूगोलाचे मुख्य वैशिष्ट्य आहे. तिच्या उत्तरेला पडलेले पावसाचे पाणी चंबळ आणि यमुनेमार्गे गंगेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. दक्षिणेला पडलेले पाणी नर्मदेतून अरबी समुद्र गाठते.

महू तहसिलीतील जानापावची टेकडी सुमारे 854 मीटर उंच आहे. चंबळेचा उगम इथलाच. लोकश्रद्धा या टेकडीला परशुरामाचे जन्मस्थान मानते. इंदूरच्या आग्नेयेला उज्जैनी गावाजवळ क्षिप्रा उगम पावते. इंदूर शहरातून वाहणारी कान्ह नदी उज्जैनजवळ तिला मिळते. गंभीर नदीवर यशवंत सागर हा जलाशय बांधलेला आहे. दक्षिणेकडे उतरणारी चोरल नदी पातालपाणीला कड्यावरून कोसळते. पावसाळ्यात भरून वाहणारा हा धबधबा उन्हाळ्यात आटून बारीक धार होतो.

जलविभाजकावर वसल्यामुळे जिल्ह्यातील बहुतेक नद्या इथे उगमापाशीच आहेत. त्यांची पात्रे लहान आणि पाणी हंगामी. नद्या मोठ्या होतात त्या जिल्हा सोडल्यावर. तळ्यांवर आणि विहिरींवर इथल्या वस्तीची मदार राहिली, ती यामुळे.

जमीन दख्खनच्याच लाव्ह्याची आणि महाराष्ट्राच्या देशावरल्यासारखी काळी, ओल धरून ठेवणारी. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि हरभरा ही मुख्य पिके. बटाटा आणि लसूणही बऱ्याच प्रमाणात होतो. एकेकाळी हा मुलूख कापूस आणि अफूसाठी ओळखला जाई. सोयाबीन गेल्या अर्धशतकातले. त्याच्या संशोधनासाठी 1987 साली इंदुरात राष्ट्रीय केंद्रही स्थापन झाले.

परगण्यापासून संस्थानापर्यंत

मोगल काळात हा भाग कंपेल परगण्यात मोडत असे. तिथले जमीनदार राव नंदलाल चौधरी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी खान नदीकाठी, म्हणजे आजच्या कान्हेच्या काठी, वस्ती वाढवली. इंद्रेश्वराच्या देवळावरून गावाला इंदूर हे नाव पडले, असे मानतात. दख्खनमधून नर्मदा ओलांडून घाट चढून आलेल्या फौजांना उत्तरेकडे जाताना हे सोयीचे मुक्कामाचे ठिकाण होते. मराठ्यांचा माळव्यात जम बसला तो याच वाटेने. 1734 साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली. त्यानंतर होळकरांचे दौलतीतले स्थान पक्के होत गेले.

अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात कारभार पाहिला तो मात्र घाटाखालून, नर्मदाकाठच्या महेश्वरहून. इंदूर तेव्हा व्यापारी पेठ म्हणून वाढत होते. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला. त्यानंतर इंदूर ही संस्थानची राजधानी ठरली. त्याच वर्षी इंग्रजांनी वीस-बावीस किलोमीटरवर महूची छावणी वसवली. राजधानीवर नजर आणि घाटाच्या तोंडावर ताबा, असा दुहेरी हेतू तीत होता. लष्करी संस्थांमुळे महूचे छावणीपण आजही टिकून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी इथेच झाला. 2003 साली गावाला त्यांचे नाव देण्यात आले.

1 जुलै 1857 रोजी इंदुरातील इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सआदत खान हे त्या उठावाचे एक पुढारी होते. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 मध्ये लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि खांडव्याहून विंध्याचा घाट चढून गाडी इंदुरात आली. या मार्गावरचे पातालपाणी बंडखोर तंट्या भिल्लाच्या स्मृतीशी जोडलेले आहे. इंग्रजांनी 1889 साली त्याला जबलपुरात फाशी दिली होती.

कापूस, रेल्वे आणि मारवाडी-जैन सावकारांचे भांडवल यांतून गिरण्या उभ्या राहिल्या. सर सेठ हुकुमचंद हे त्या भांडवलातले ठळक नाव. 1918 साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शहराचा विकास आराखडा दरबारला सादर केला. 28 मे 1948 रोजी संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा मध्य प्रदेशात आला. विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या बंद पडल्या. त्यांची जागा व्यापार, शिक्षण, औषधनिर्मिती आणि सेवा व्यवसायांनी घेतली.

लोकसंख्या

1901 साली इंदूर शहराची वस्ती 86,686 होती. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 32,76,697 भरली आणि राज्यातील सर्वाधिक ठरली. दहा वर्षांपूर्वी ती 24,65,827 होती. म्हणजे एका दशकात जवळपास 33 टक्के वाढ झाली. दर चौरस किलोमीटरला 841 माणसे, दर हजार पुरुषांमागे 928 स्त्रिया आणि जवळजवळ 81 टक्के साक्षरता अशी इतर आकडेवारी आहे. सुमारे 74 टक्के लोक शहरी भागात राहतात.

हा शहरीपणा जिल्हाभर सारखा पसरलेला नाही. देपालपूर आणि सांवेरचा मुलूख अजून शेतीचा आहे. महूच्या दक्षिणेकडील दऱ्यांत भिल्लांची गावे आहेत. जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 17 टक्के, तर अनुसूचित जमातींचे सुमारे 7 टक्के आहे. व्यवहाराची भाषा हिंदी आणि खेड्यांची बोली माळवी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्तीही लक्षणीय आहे.

मराठी माणसे इथे आली ती होळकरांच्या फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर. सरदार, कारकून, भिक्षुक आणि शिक्षक अशा क्रमाने हा समाज स्थिरावला. इंदुरात 1917, 1935 आणि 2001 अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि लता मंगेशकर यांचे जन्म याच शहरातले. 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या सुमित्रा महाजन या चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या सूनबाई.

खजराना : गावाचे शहर होताना

खेडे शहरात कसे विरघळते, हे पाहण्यासाठी शहराच्या पूर्वेचा खजराना हे उत्तम उदाहरण आहे. पूर्वी शेतांनी वेढलेले हे गाव आज रिंग रोडला लागून असलेला दाट वस्तीचा भाग आहे. इथल्या गणपतीच्या देवळाची स्थापना अहिल्याबाईंनी केली, अशी परंपरा आहे. परचक्राच्या भीतीने मूर्ती विहिरीत लपवली होती आणि ती पुढे बाहेर काढली, असेही सांगतात. स्थापनेचे साल 1735 दिले जाते. मात्र अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा असल्याने ते त्यांच्या कारकिर्दीशी जुळत नाही. नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढायचे आणि इच्छा पुरी झाली की सुलटे, ही इथली रीत आहे. तीळ चतुर्थीला मोठी जत्रा भरते. याच खजरान्यात नाहर शाह वली यांचा दर्गा आहे आणि मुस्लिमांची मोठी वस्तीही. जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण जवळपास 13 टक्के आहे.

पाणी आणि कचरा

एवढ्या वस्तीला उगमापाशी असलेल्या नद्यांचे पाणी पुरेनासे झाले. 1978 साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून, नर्मदेचे पाणी विंध्य चढवून इंदुरात आणले गेले. पुढे या योजनेचे आणखी टप्पे झाले. 2014 पासून क्षिप्रेच्या उगमाशीही नर्मदेचे पाणी सोडण्याची व्यवस्था आहे. जुन्या तळ्यांपैकी सिरपूर आणि यशवंत सागर यांना 2022 मध्ये रामसर पाणथळींचा दर्जा मिळाला.

कचऱ्याबाबत इंदूरचा वारसा जुना आहे. 1924 साली इथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. त्यांचे पुस्तक 1931 मध्ये आले आणि ती पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे. 2022 मध्ये देवगुराडिया इथे ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी बनवणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. खजरान्यासह साऱ्या शहराचा ओला कचरा वेगळा गोळा होतो. त्याचा वायू बनवून शहराच्या बसगाड्यांनाही पुरवला जातो.