डोंगरातील पलटण

कोळी म्हटले की समुद्र, होडी आणि जाळे ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळ्यांचा समुद्राशी काही संबंध नाही. डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवावी, रानातील वाटा न् वाटा पायाखाली घालाव्या, असे त्यांचे जीवन. शिवकाळातील मावळ्यांत त्यांची गणना होत असे. पुढेही गडांची आणि घाटवाटांची राखण त्यांच्याकडे असे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि गड इंग्रजांच्या हाती गेले. गडच गेल्यावर राखणदारांस कोण विचारतो? त्यांची वेतने कमी झाली, अनेकांची बंद पडली. त्या असंतोषातून या डोंगरांत बंडे झाली. त्यांपैकी एका मोठ्या बंडाचा नायक राघोजी भांगरे यास १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

त्यानंतर दहाच वर्षांत याच डोंगरांतील तरुण इंग्रज सरकारच्या पलटणीत भरती झाले.

१८५७ च्या उठावाचे पडसाद नाशिक जिल्ह्यातही उमटले. सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक नावाचा भिल्लांचा एक वजनदार पुढारी राहत असे. तो पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होता. पुढे त्यास शिक्षा होऊन तो तुरुंगातही जाऊन आला होता. लोकांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम सुटताच त्याने गाव सोडले आणि सुमारे ५० साथीदारांसह पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशी डोंगरातील जागा धरली. शरण येण्याचा निरोप गेला, तेव्हा थकलेले दोन वर्षांचे वेतन द्यावे आणि पोटाची काही सोय करावी, असे त्याने उलट कळविले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि गोळी लागून ठार झाला. मग भिल्लांचा उठाव भराभर पसरला.

नेहमीच्या लष्करास या डोंगरांत बंडखोरांचा पाठलाग करणे अवघड होते. तंबू, सामानाचे बैल, मागे बाजारबुणगे, असा त्याचा पसारा. तो घाट चढेपर्यंत भिल्ल दुसऱ्या खोऱ्यात उतरलेले असत. तेव्हा काट्याने काटा काढावा, असे सरकारने ठरविले. कोळी आणि भिल्ल यांच्यात जुनी चुरस होती, हे त्यास ठाऊक होते. डिसेंबर १८५७ मध्ये कॅप्टन नटाल यास कोळ्यांची पलटण उभारण्याचा हुकूम मिळाला. जुन्नर, अकोले आणि नाशिक या भागांच्या डोंगरपट्टीतून माणसे येऊ लागली. जानेवारी १८५८ मध्ये अवघी ५० माणसे जमली होती आणि हत्यारे म्हणजे त्यांच्या घरच्याच तलवारी. एवढ्या बळावर नटाल त्यांना घेऊन सुरगाण्याकडे निघाला. वर्षअखेरीस मात्र पलटणीचा आकडा ६०० च्या वर गेला. बांबळे कुळाचा प्रमुख जावजी नाईक हा पलटणीतील सर्वांत वरच्या देशी हुद्द्यावर चढला. फाशी गेलेल्या राघोजीच्या एका भावासही पलटणीत अधिकाराची जागा मिळाली.

या पायदळ शिपायाचा पोशाख त्याच्या डोंगराला साजेसा होता. डोक्यास गडद हिरवे पिळाचे पागोटे, अंगात गडद हिरवा डगला, गुडघ्यापर्यंत नेसलेले गडद तांबडे धोतर आणि पायांत वहाणा. मुंबई इलाख्यातील नेहमीच्या पलटणींचा लाल डगला उघड्या माळावर कोसभरावरून डोळ्यांत भरे. हा हिरवा डगला झाडीत मिसळून जाई. काळ्या चामड्याचे पट्टे आणि संगीन लावलेली हलकी बंदूक हा त्याचा सरंजाम. तंबू नाही, ओझ्याचे जनावर नाही. शिपायाची सारी चीजवस्तू एका झोळीत आणि पाठीवरच्या पिशवीत मावे. स्वयंपाक चार-सहा जणांनी मिळून करावयाचा. म्हणून कूच करताना भांडी आपसांत वाटून घेत. असे सारे अंगावर वागवून ते खडकाळ मुलखात एका दिवसात ३० ते ४० मैल, म्हणजे सुमारे ५० ते ६५ किलोमीटर चालत. नाशिकहून सिन्नर सुमारे ३० किलोमीटर आहे. तेथवर जाऊन त्याच दिवशी परत यावे, तेही गाडीरस्त्याने नव्हे तर दगडधोंड्यांतून, असा हा पल्ला होता.

मुक्कामावर पोहोचल्यावर दमलेला माणूस आधी पाणी शोधतो, पाय पसरतो. हे शिपाई प्रथम बंदूक पुसावयास बसत. त्यात मोठा अर्थ होता. त्या काळची बंदूक तोंडाकडून भरावी लागे. नळीत दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासावयाची. दारूच्या काजळीने नळी आतून माखे. सह्याद्रीतील दमट हवेत ती पुसल्यावाचून ठेवली तर लोखंड गंजे, दारू सर्दावली तर बार उडतच नसे. दुसऱ्या दिवशी कोठल्या खिंडीत गाठ पडेल याचा नेम नसताना स्वच्छ बंदूक म्हणजे प्राणांची राखण होती.

अशी गाठ वारंवार पडे. १८५९ साली संगमनेरच्या आग्नेयेस अंभोरे दऱ्याजवळ या पलटणीने भागोजीच्या लोकांना गाठले. त्या चकमकीत भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला. स्वतः भागोजी निसटला. परंतु ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे फ्रँक सूटर याच्या पोलिसांनी त्यास वेढले आणि तेथेच तो लढता लढता पडला.

या पलटणीने शत्रूस कधी पाठ दाखविली नाही, असे १८८३ च्या सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. ही स्तुती राज्यकर्त्यांच्या लेखणीतून उतरलेली आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. शिपायांचे शौर्य खरे होते. परंतु ज्यांच्यावर त्यांनी बंदुका रोखल्या, तेही त्यांच्यासारखेच डोंगरातले, त्यांच्यासारखेच वेतनाला मुकलेले होते, हेही तितकेच खरे. आज राघोजी भांगरे आणि भागोजी नाईक यांची नावे क्रांतिकारक म्हणून आदराने घेतली जातात. जावजी नाईकाच्या शिपायांना कोणत्या बाजूस बसवावे, हा प्रश्न सोपा नाही. फितूर म्हणून त्यांना मोडीत काढणे अन्यायाचे होईल. गडाची चाकरी गेलेल्या घरात पुन्हा एकदा महिन्याचे वेतन आले, आणि पूर्वजांप्रमाणे हत्यार धरण्याचा मानही मिळाला. डोंगरातील माणसाला याची किंमत फार मोठी होती.

बंड शमल्यावर मे १८६० मध्ये नेहमीचे लष्कर आपल्या नाक्यांवरून निघून गेले आणि ते नाके कोळी पलटणीने सांभाळले. हे काम पुरे होताच मार्च १८६१ मध्ये सरकारने पलटण मोडली. थोडे शिपाई पोलिसांत गेले. बाकीचे आपापल्या वाड्यांवर परतले. उन्हाळा तोंडावर होता. पावसापूर्वी राब भाजून जमीन तयार करावयाची होती.