प्रगतीपत्रकावर मजकूर सरकतोय? आधी पट्टी घ्या, मग प्रिंट द्या!



एप्रिलचा शेवटचा आठवडा आपल्यासाठी काय असतो, हे वेगळं सांगायला नको. पेपर तपासून झालेले असतात, नोंदी अर्ध्या बाकी असतात आणि 1 मे रोजी निकाल द्यायचा असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी वर्गाची प्रगतीपत्रके प्रिंट करायला बसले. रंगीत किनार असलेली जाड कार्डे बाहेरून छापून आणली होती. मुले 38 आणि कार्डे 45. म्हणजे जादा फक्त 7.

पहिल्याच कार्डावर मुलाचे नाव किनारीवर चढले आणि खालची शेऱ्याची ओळ गायब झाली. मग मी आपलं नेहमीचं सुरू केलं. इथे स्पेस दे, तिथे एंटर मार, मार्जिन थोडं सरकव. असं करता करता 5 कार्डे वाया गेली. तेव्हा कुठे हात थांबला. कंपासपेटीतली पट्टी काढून कार्ड मोजलं तर ते निघालं 190 × 250 मि.मी. आणि माझी फाइल होती ए4 ची, म्हणजे 210 × 297 मि.मी.!

चूक प्रिंटरची नव्हती. मी त्याला खोटं माप सांगितलं होतं.

माप तीन ठिकाणी असतं

हे एकदा समजलं की निम्मी डोकेदुखी संपते. कागदाचं माप तीन ठिकाणी ठरतं:

1. फाइलमध्ये (वर्ड किंवा पीडीएफचे पान)
2. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये
3. ट्रेमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ठेवलेला कागद आणि त्याला टेकवलेल्या बाजूच्या पट्ट्या

ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. एक जरी वेगळं असलं तरी मजकूर सरकतो, कापला जातो, लहान होतो किंवा प्रिंटर दिवा लुकलुकवत नुसता थांबून राहतो.

माझ्या कार्डाचंच गणित बघा. बऱ्याच छोट्या लेझर प्रिंटरमध्ये ट्रेच्या दोन्ही पट्ट्या एकदम सरकतात, म्हणजे कागद मधोमध राहतो. कार्ड ए4 पेक्षा 20 मि.मी. अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंनी 10-10 मि.मी. कमी. त्यामुळे सगळा मजकूर कार्डाच्या डाव्या कडेकडे 1 सेंमी सरकलेला दिसला. उंचीत 47 मि.मी. कमी, म्हणून शेवटचा मजकूर कार्डावर आलाच नाही. स्पेस देऊन हे कसं सुटणार?

"लीगल" नावाची फसगत

दाखले, तक्ते, अहवाल यांसाठी आपण लीगल कागद वापरतो. पण वर्डमधला लीगल म्हणजे 8.5 × 14 इंच, साधारण 216 × 356 मि.मी. आपल्याकडे दुकानात लीगल म्हणून मिळणारा कागद मात्र बऱ्याचदा 215 × 345 मि.मी. असतो. म्हणजे उंचीला साधारण 1 सेंमी कमी. आणि त्या 1 सेंमीत काय असतं? मुख्याध्यापकांच्या सहीची जागा! त्यातच फुलस्केप म्हटलं जाणारं 8.5 × 13 इंचाचं आणखी एक माप आहे.

म्हणून नावावर जाऊ नका. रीमच्या वेष्टनावर मि.मी.मध्ये माप छापलेलं असतं, ते वाचा. वेष्टन फेकून दिलं असेल तर पट्टीने मोजा.

आता क्रमाने करू या

1. कागद मोजा. रुंदी आणि उंची, दोन्ही मि.मी.मध्ये. वहीत लिहून ठेवा.

2. फाइलचं माप बदला. वर्डमध्ये लेआउट, मग साइझ, मग सगळ्यात खाली मोअर पेपर साइझेस. तिथे रुंदी आणि उंची टाका. खाली "होल डॉक्युमेंट" निवडलंय ना, ते बघा. नाहीतर एकच भाग बदलतो आणि बाकीची पाने जुन्याच मापाची राहतात. मजकुराची मांडणी माप बदलल्यानंतरच करा, आधी नको.

3. प्रिंटरला माप सांगा. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये पेपर साइझच्या यादीत कस्टम किंवा युजर डिफाइन्ड शोधा आणि तेच आकडे टाका. तिथे पर्याय नसेल तर विंडोजमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स इथे जाऊन प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडा. त्यातल्या फॉर्म्समध्ये "क्रिएट अ न्यू फॉर्म" वर टिक करून नाव द्या, उदा. "प्रगतीपत्रक 190 × 250", आणि सेव्ह करा. मग वर्ड बंद करून पुन्हा उघडा. एवढं करूनही माप यादीत दिसलं नाही, तर ते प्रिंटरच्या मर्यादेबाहेर आहे का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. प्रत्येक प्रिंटरला कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप ठरलेलं असतं.

4. लहान-मोठं करणं बंद करा. पीडीएफ असेल तर "फिट" नको, "ॲक्च्युअल साइझ" निवडा. वर्डच्या प्रिंट पानावर स्केल टू पेपर साइझमध्ये "नो स्केलिंग" ठेवा.

5. ट्रे बघा. बाजूच्या पट्ट्या कागदाला अलगद टेकलेल्या हव्यात. सैल राहिल्या तर कागद तिरका जातो. जाड कार्ड असेल तर मॅन्युअल फीडमधून एकेक द्या आणि पेपर टाइपमध्ये जाड कागद निवडा. नाहीतर लेझर प्रिंटरची शाई नीट चिकटत नाही, बोटाने खरवडली तरी निघते.

आणखी एक गोष्ट. बहुतेक लेझर प्रिंटर कडेपासून साधारण 4-5 मि.मी. जागेत छापतच नाहीत. त्यामुळे अगदी कडेला मजकूर ठेवू नका.

खऱ्या कार्डाआधी साधा कागद

हे मात्र चुकवू नका. साधा कागद कार्डाच्या मापाचा कापा आणि त्यावर पहिली प्रिंट काढा. मग तो कार्डावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावा. नाव नावाच्या जागी आणि गुण चौकटीत बसतायत का, ते उजेडात लगेच दिसतं. 2 मि.मी.चा फरक असेल तर आता मार्जिन बदला. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारख्या क्रमांक छापलेल्या कागदावर तर थेट प्रयोग करूच नका. तिथे वाया गेलेल्या प्रत्येक कागदाचा हिशोब द्यावा लागतो.

पालकांसाठी

मुलांच्या गणिताच्या प्रिंट तुम्ही झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणता. चौकटींचा कागद, कोनमापक, कापून घ्यायची मोजपट्टी वगैरे. दुकानात "फिट" वर प्रिंट निघाली तर सगळं थोडं लहान होतं. 96 टक्क्यांवर छापलं, तर 10 सेंमीची रेघ 9.6 सेंमीची होते. मूल बरोबर मोजतं, उत्तर चुकीचं येतं आणि ओरडा मुलालाच बसतो. म्हणून पीडीएफ घेऊन जा, "ॲक्च्युअल साइझवर काढा, फिट करू नका" असं सांगा आणि घरी आल्यावर एक रेघ पट्टीने मोजून बघा.

त्या संध्याकाळी उरलेल्या 40 कार्डांत 38 मुलांची प्रगतीपत्रके नीट निघाली. दोन कार्डे उरली. त्यातल्या एकावर मी मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात माप लिहिलं आणि ते प्रिंटरच्या वर चिकटवलं. ते आजही तिथेच आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये कुणी ना कुणी ते वाचतं आणि आधी पट्टी मागतं.