थरथर कुणाच्या तालावर?

सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने आयफोनवाल्यांना एक इशारा दिला: जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या हँडलवर फोन थेट लावू नका, इंजिनाच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो. हँडल धरणाऱ्या बोटांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. पुण्याहून जुनी बुलेट घेऊन निघालेल्याच्या हाताला कोल्हापूर येईपर्यंत मुंग्या येतातच.

जुन्या 346 सीसी बुलेटचा पिस्टन 90 मिलिमीटरच्या अंतरात वरखाली धावतो. 4000 आरपीएमला हे सेकंदाला 66 वेळा घडतं, आणि प्रत्येक वेळी वर एकदा, खाली एकदा थांबून उलटं फिरायचं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून 400 ग्रॅम धरले, तर त्यांना टोकाला रोखून परत फिरवायला ढोबळमानाने सव्वातीनशे किलो वजनाइतका जोर लागतो. 3000 आरपीएमला तोच 180 किलोच्या आसपास असतो. फेरे एक तृतीयांशाने वाढले, जोर मात्र पावणेदोन पटींच्या पुढे गेला, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हा सगळा मारा शेवटी चेसिसवर येतो.

क्रँकला विरुद्ध बाजूला जादा वजन देऊन तो थोडाफार खोडता येतो, पूर्ण नाही. पिस्टन सरळ रेषेत जातो आणि वजन गोल फिरतं. त्यामुळे वरखालीचा झटका जितका कमी करावा तितका पुढे-मागे नवा तयार होतो. म्हणून साधारण निम्म्यावर तडजोड करतात. उरलेलं मारायला क्रँकच्या उलट दिशेने, त्याच वेगाने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट लागतो. रॉयल एनफिल्डने 2020 च्या मिटिऑर 350 मध्ये तो दिला. 2021 मध्ये क्लासिकला आणि 2023 मध्ये खुद्द बुलेट 350 ला मिळाला. गाडीत आता जीव राहिला नाही, अशी कुरकुर काही जुन्या शौकिनांनी केली. दिवसाला चारशे किलोमीटर हाणणाऱ्याने ती मनावर घेऊ नये.

म्हणजे काही थरथर जन्मजातच. शोध घ्यायचा तो नव्या थरथरीचा.

गॅरेजमध्ये गाडी शिरली की पहिला हात पान्याकडे जातो. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: थरथर नाचते कुणाच्या तालावर? 80 च्या वेगाला मागचं चाक सेकंदाला साधारण 11 वेळा फिरतं, तर 3600 आरपीएमचं इंजिन 60 वेळा. चाकाची गडबड सीटखाली डुगडुग होऊन लागते, इंजिनाची फूटरेस्ट आणि हँडलमध्ये झिणझिणते. मोकळ्या सरळ रस्त्यावर 80 वर धरून एक गिअर खाली टाकावा. वेग तोच, आरपीएम वाढले; झिणझिण बदलली तर संशय इंजिनावर. मग क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्यावी. इंजिन आयडलला आलं, चाकं जवळपास त्याच वेगात. थरथर तशीच राहिली, तर टायर, रिम आणि चाकाची बेअरिंग तपासावीत, इंजिन निर्दोष आहे. आणि एकाच आरपीएमला रेस दिली की थरथरते, सोडली की शांत होते, अशी गाडी बहुधा मिसिंग करत असते किंवा तिची चेन एका जागी आवळलेली असते.

संशय इंजिनावर आला, तरी लगेच इंजिन उघडायचं कारण नाही. आधी टॉर्च घेऊन फाउंडेशन बोल्ट पाहावेत. सैल बोल्टाच्या वॉशरभोवती गेरूसारखी लालसर भुकटी जमते. जवळून ऑइल झिरपत असेल, तर तिचा काळपट लेप होतो. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर कणभर घासत राहिले की सुटलेले बारीक कण गंजतात, त्याची ही भुकटी. ब्रॅकेटच्या वेल्डिंगशेजारी रंगावर बारीक रेघ दिसली तर ती नखाने चाचपावी. तडा असेल, तर बोल्ट कितीही आवळून उपयोग नाही. एकच बोल्ट गच्च करण्यातही अर्थ नसतो. मुरलेला मेकॅनिक सगळे सैल करतो, इंजिन हलवून जागेवर बसू देतो आणि मग टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळतो.

गच्च म्हणजे चांगलं, हा समज नॉर्टन कमांडोने खोटा ठरवला. दोन्ही पिस्टन एकदमच वरखाली होणारं 745 सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म हा सगळा जुडगा या ब्रिटिश कंपनीने 1967 मध्ये रबरावर बसवला. आयडलला इंजिन जागच्या जागी नाचायचं, आरपीएम वाढले की हँडल शांत व्हायचं. रबरावर टेकलेल्या वजनाची स्वतःची एक हेलकाव्याची गती असते; इंजिन तिच्या बरंच पुढे गेलं की झटके चेसिसपर्यंत पोचत नाहीत. मेख होती ती बाजूच्या फटीत. पातळ शिम घालून ती इंचाच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे पाव मिलिमीटर ठेवायची. फट बुजली की थरथर परत, वाढली की वळणावर गाडी डुलायची. रबर कडक होऊन चिरलेल्या आजच्या कुठल्याही गाडीतही झटके चेसिसपर्यंत असेच पोचतात.

इंजिनकाम झाल्यानंतरच थरथर सुरू झाली असेल, तर दोन जागा आधी पाहाव्यात. बोअर करून घातलेला पिस्टन मूळच्यापेक्षा जड असू शकतो. जड पिस्टनचा हिशेब क्रँकच्या वजनात धरलेला नसतो. शिवाय बॅलन्सरच्या गिअरवरच्या खुणा क्रँकच्या खुणांशी जुळवूनच बसवाव्या लागतात. एका दाताचा फरक पडला, तरी झटका मारायला ठेवलेलं वजन भलत्या क्षणी फिरून येतं.

हँडलच्या टोकांना लावायची वजनं इंजिनाचं काहीच करत नाहीत. ती हँडलची झणझणण्याची जागा तेवढी खाली सरकवतात, आणि स्वाराचा नेहमीचा वेग नेमका त्या नव्या जागी येत असेल, तर पैसे पाण्यात. त्यापेक्षा पुढचं स्प्रॉकेट 16 ऐवजी 17 दातांचं घातलं, तर त्याच वेगाला आरपीएम 4000 वरून 3765 च्या आसपास येतात आणि पिस्टनचा मारा सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. घाटात डबलसीट चढताना मात्र गिअर लवकर खाली टाकावा लागतो, आणि ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजतो, त्यांच्यावर आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी दिसतो.