थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करायची का?



मी स्वतः काही वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेते. शाळेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पालकसभा संपली की कुणीतरी आई हमखास विचारते, "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद केली तर चालंल का?" नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. रिपोर्ट नॉर्मल कशामुळे आला हे कळलं पाहिजे. आजच्या लेखात तेच समजून घेऊ.

थायरॉइड हे रोगाचं नाव नाही. ती आपल्या सगळ्यांच्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखरासारखी ग्रंथी आहे. तिच्यातून निघणारं थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या कामाचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की थकवा, सारखी थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, वजन वाढणं, पाळीत जास्त रक्तस्राव असे त्रास होतात. आपल्याकडे बाई दमली की "घरचं, रानातलं काम करून दमली असंल" म्हणून विषय संपतो. तपासणी राहूनच जाते.

घरात आयोडीनयुक्त मीठ असूनही ग्रंथी मंदावली, तर त्याचं नेहमीचं कारण हाशिमोतोचा आजार हे असतं. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचा अभ्यास करून त्याचं वर्णन केलं. राखणीच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं, तसं यात होतं. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

आता गोळीकडे येऊ. गोळी हा हल्ला थांबवत नाही. ग्रंथी जे बनवू शकत नाही ते थायरॉक्सिन ती बाहेरून पुरवते, एवढंच. इंग्लंडमध्ये १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी या त्रासानं खूप आजारी असलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई सुधारली. मग अर्क बंद केला का? नाही. पुढे ती तोच अर्क पोटातून घेत राहिली आणि १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी वारली. या २८ वर्षांत तिच्या औषधाला आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणतात. आपल्याला रोज एक बारीक गोळी घ्यायची असते, त्याचाही कंटाळा येतो!

रिपोर्टमधल्या टीएसएचमुळे बराच गोंधळ होतो. टीएसएच म्हणजे मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉइडला मारलेली हाक. वर्गात पोरं काम करत नसली की आपला आवाज चढतो ना, तसंच. थायरॉइड काम करेना की हाक मोठी होते, म्हणजे टीएसएच वाढतो. लोक म्हणतात "माझा थायरॉइड वाढलाय", पण बहुतेक वेळा थायरॉक्सिन कमी झालेलं असतं आणि वाढलेला असतो तो टीएसएच. गोळीनं कमतरता भरून निघाली की हाक शांत होते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. गोळी बंद केली की शिल्लक थायरॉक्सिनवर काही दिवस बरं वाटतं. "बघा, काही झालं नाही" असं माणूस म्हणतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच थकवा, तीच सूज. बाळंतपणानंतर काही जणींची ग्रंथी थोडे महिने बिघडून आपोआप सुधारते, हे खरं. पण आपण त्यांच्यातल्या आहोत की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणूनच डोस बदलल्यावर आठवड्यात तपासणी करून उपयोग नसतो, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. डोस बसला की सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तपासणी पुरते. रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी गोळी घेण्याआधी द्यावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं आधी सांगावं, त्यानं आकडे चुकतात. अँटी-टीपीओ ही तपासणी निदानाला एकदा केली की झालं. दर वेळी पैसे घालवायचं कारण नाही. आणि वजन उतरावं म्हणून मनानं डोस वाढवू नका. छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा-नाश्ता नको. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की आपल्या शिक्षिकांचं इथंच बिनसतं. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात चहाचा कप! सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते, डॉक्टरांना विचारून तसं ठरवावं. आपल्याकडचा ४० अंशांच्या वरचा उन्हाळा गोळीलाही सोसत नाही. डबी खिडकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका.

सगळ्यात जास्त जपायचं ते गरोदर बाईनं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच जातं. "पोटात बाळ आहे, गोळ्या नकोत" असं सांगणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण इथं नेमकं उलटं आहे. गोळी बंद तर करायचीच नाही, उलट पाळी चुकून दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं. बहुतेकींचा डोस पाव ते तृतीयांशानं वाढवावा लागतो आणि पहिल्या निम्म्या काळात साधारण दर महिन्याला तपासणी लागते. याच दिवसांत आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्याही घ्यायच्याच, पण थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. सगळ्या एकदम गिळल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

आहारानं हा आजार बरा होत नाही. मोबाइलवर काहीही फिरत असलं तरी नाही. शिजवलेला कोबी-फ्लॉवर रोजच्या प्रमाणात चालतो. गहू बंद करायची गरज गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असेल तरच. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आपल्या भागात हा सल्ला मला जरा गमतीशीरच वाटतो. बाजरीबद्दल विचाराल तर, सुदानच्या दारफुर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन कमी, तिथं गलगंडाशी तिचा संबंध आढळला होता. आयोडीनयुक्त मीठ असलेल्या घरात हिवाळ्यातल्या बाजरीच्या भाकरीला घाबरायचं कारण नाही. मीठ मात्र झाकणाच्या बरणीत ठेवावं. सैंधवात आयोडीन नगण्य असतं, ते रोजच्या स्वयंपाकात नको. उलट आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनानं घेतल्या तर हाशिमोतोचा त्रास वाढू शकतो. तुळजाभवानीच्या नवरात्रात आपल्याकडे कितीतरी बायका नऊ दिवस धरतात. औषधाच्या गोळीनं उपवास मोडतो असं मी तरी मानत नाही. पहाटे पाण्यासोबत घ्यावी, दूध-राजगिरा नंतर.

आता एक गोष्ट खास शिक्षकांसाठी. हाशिमोतो मुलांनाही होतो, मुलींना जास्त. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. उंचीच्या नोंदी आपल्याच रजिस्टरमध्ये असतात, पण मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून आपण क्वचितच बघतो. वाढ चार सेंटिमीटरपेक्षा कमी, मूल सुस्त, गळा पुढून फुगलेला, अभ्यासात मागे पडायला लागलेलं असं दिसलं, तर 'आळशी' म्हणण्याआधी पालकांना बोलावून टीएसएच तपासायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचं नाव आणि दोन्ही वर्षांची उंची चिठ्ठीवर लिहून हातात द्या.