किनाऱ्यावरील बांधकामे आणि लहान सागरी जीव

मुंबईच्या उपनगरांना पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस ठाण्याची खाडी लाभली आहे. धूप रोखणे, मासळी उतरविणे आणि वाहतूक सुलभ करणे यांसाठी येथे बंधारे, धक्के व पूल बांधावे लागतात. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे; परंतु त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या जीवांचा विचार आराखडा तयार करतानाच व्हावयास हवा.

मुंबईस उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील पातळीचा फरक चार ते पाच मीटर असतो. उतरत्या खडकाळ किनाऱ्यावर या फरकामुळे रुंद पट्टा उघडा पडतो. कालवे, शंख, खेकडे व समुद्रफुले यांची वस्ती तेथेच असते. उभी भिंत बांधल्यास हाच पट्टा भिंतीच्या चार-पाच मीटर उंचीत आक्रसतो. गुळगुळीत काँक्रीटवर पाणी साचणारी डबकी नसतात, सावलीच्या भेगाही नसतात. ओहोटीच्या वेळी उन्हाने जीव सुकून मरतात. शिवाय भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू ओढून नेतात व वाळूत राहणारे शिंपलेही निराश्रित होतात. खांबांवर कालवे धरतात हे खरे. पण अशी जागा मोजक्याच जातींना मानवते.

मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यालगतच्या खाडीत प्रश्न चिखलाचा आहे. भराव किंवा खांबांची दाटी यांमुळे प्रवाह मंदावला की गाळ साचतो आणि चिखलातील कृमी व कवचधारी जीव यांची घडी विस्कटते. शेवाळ व असे लहान जीव हेच रोहित पक्ष्यांचे अन्न होय. येथील क्षेत्र २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. निवटी, कोळंबी आणि माशांची पिल्लेही याच उथळ पाण्यात वाढतात. कोळी बांधवांची उपजीविका त्यांच्याशी निगडित आहे.

यावर उपाय आहेत. शक्य तेथे उभ्या भिंतीऐवजी उताराचा दगडी बांध घालावा, भरावाऐवजी दूर अंतरावरील खांब योजावेत आणि तिवरांचा पट्टा राखावा. सिडनी बंदरातील भिंतींमध्ये पाणी साठविणारे खळगे ठेवल्यावर तेथे जीवांच्या अधिक जाती आढळल्या. बांधकामापूर्वी ओहोटीच्या वेळी पाहणी करून जीवांची नोंद घेण्यास फारसा खर्च येत नाही. किनारी गावांतील पंचायती व शाळा यांनी स्थानिक मच्छीमारांच्या साहाय्याने अशी नोंद ठेवल्यास बंधाऱ्याची जागा ठरविताना ती निश्चितच मार्गदर्शक ठरेल.