बालसायकलस्वार आणि शिरस्त्राण

सायकलवरून पडलेल्या मुलाचा खरचटलेला गुडघा आठवड्यांत भरून येतो. मेंदूची इजा मात्र जन्माची सोबत करूं शकते. शिरस्त्राणाचें प्रयोजन हेंच. त्याच्या कवचाखालील थर्मोकोलसारखा हलका थर आघातासरशीं चिरडतो. त्यामुळें डोकें थांबण्यास क्षणाचा अल्पांश अधिक मिळतो आणि मेंदूला बसणारा हिसका सौम्य होतो. म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें शिरस्त्राण पुन्हा वापरूं नये. तें कपाळ झांकणारें व हनुवटीखालीं पट्ट्यानें नीट बांधलेलें नसेल, तर व्यर्थच.

मग कायद्यानें सक्ती करावी काय? ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १९९० सालीं ती सर्वांनाच लागू केली. डोक्याच्या इजा घटल्या. पण सायकलीवरून जाणारीं कुमारवयीन मुलेंही घटलीं. स्वीडननें २००५ पासून १५ वर्षांखालील मुलांपुरतीच सक्ती केली. नेदरलंड्सनें सक्ती न करतां सायकलींसाठीं स्वतंत्र मार्ग बांधले.

यांतून बोध एवढाच, कीं शिरस्त्राण पडण्याचा आघात सोसतें. भरधाव मोटार तें अडवीत नाहीं. मुलाच्या डोक्यावर तें चढविणें हें पालकांचें कर्तव्य होय. त्याला निर्धोक रस्ता देणें हें नगराचें. एकाच्या कर्तव्यानें दुसऱ्याची सुटका होत नाहीं.